वारा कुठून आहे?

अक्काचा फोन रविवारी सकाळी येतो. भोपाळला पोहे-जिलबीची न्याहारी आटोपली, की तिला माहेर आठवतं. पण गेल्या डिसेंबरात तो एका गुरुवारी रात्री आला, आणि पहिल्या वाक्यापासूनच ती कन्नडमध्ये बोलायला लागली. अक्का कन्नडमध्ये शिरली, की समजावं, घरातल्या कुणाला तरी कळू द्यायचं नाहीये. लग्न होऊन भोपाळला गेली त्याला तीस वर्षं होत आली. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि गुपितापुरती कन्नड, अशी तिची वाटणी आहे. त्या दिवशीचं गुपित एवढंच होतं, की तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, फेब्रुवारीत पुन्हा गुलमर्गला स्कीइंगला निघाला होता. "नीन हेळ अवंग," असं ती तीनदा म्हणाली. तूच सांग त्याला.

मी काय सांगणार? मी भूगोल शिकवते, एवढंच माझं भांडवल. 'टीप लिहा : हिमस्खलन' हा पाच गुणांचा प्रश्न आमच्याकडे वर्षाआड पडतो आणि त्याचं उत्तर मी अठरा वर्षं पोरांना लिहून देत आले आहे. तीव्र उतार, नवा बर्फ, तापमानातला बदल, मोठा आवाज. चार मुद्दे, एक आकृती. खरं सांगायचं तर तोवर मी बर्फ पाहिला होता तो फक्त फ्रीजमध्ये आणि उसाच्या रसात. शिवाय त्या चार मुद्द्यांतला शेवटचा, म्हणजे आवाजाने बर्फ कोसळतो हा, जवळजवळ चुकीचा आहे हे मला या भाच्याच्या निमित्ताने वाचायला बसले तेव्हाच कळलं. आरडाओरड्याने हिमकडा सुटत नाही. तो सुटतो वजनाने, आणि ते वजन पुष्कळदा माणसाचंच असतं.

नाताळच्या सुट्टीत गोवा एक्स्प्रेस पकडली. बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी आणि भोपाळ, असा सबंध रस्ता ही एकच गाडी करते. अक्काचं माहेर आणि सासर एका रुळावर असल्याचं आमच्या आईला फार कौतुक होतं. गाडीत मी वाचत होते ते सगळं बर्फाविषयीच. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "बदलीवर निघालात का काश्मीरला?"

भाच्याला मी पूर्वी कडेवर घेतलेला. आता तो सव्वीस वर्षांचा, भोपाळमधल्याच एका कंपनीत संगणकावर काम करणारा, आणि कन्नडचे त्याला दोनच शब्द येतात, "ऊट आतेन?" जेवण झालं का, हे विचारून तो मला नेहमी खूश करतो. त्या शहरातल्या तरुणांना डोंगराचं वेड नवीन नाही. शेजारच्याच सीहोर जिल्ह्यातली मेघा परमार आणि छिंदवाड्याची भावना डेहरिया 2019 साली एव्हरेस्टवर जाऊन आल्या, तेव्हापासून तर घरोघरी कुणीतरी बूट विकत घेतोच आहे. आमच्या भाच्याने आदल्या हिवाळ्यात गुलमर्गला चौदा दिवसांचा प्राथमिक कोर्स केला. तिथवर अक्काचीही हरकत नव्हती. शिकवणारे असतात, दोर असतो, उतार सौम्य असतो. पण या खेपेला त्याला कोर्स करायचा नव्हता. त्याला 'बाहेर' जायचं होतं.

हे 'बाहेर' म्हणजे काय ते समजायला मला वेळ लागला. गुलमर्गचं कुरण सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. तिथून गंडोला म्हणजे तारेवरचा पाळणा वर जातो. त्याचा पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला, तो कोंगडूरीपर्यंत. दुसरा टप्पा 2005 साली सुरू झाला, आणि तो अफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. आमचं बेळगाव साडेसातशे मीटरवर, भोपाळ पाचशेवर. एरवी तेवढ्या उंचीवर जायचं तर माणसाला दोन-तीन दिवस चढावं लागेल, दम लागेल, विचार करायला वेळ मिळेल. पाळण्यातून तो थोड्या वेळात, हातातला चहा पुरता निवायच्या आत पोचतो. वरच्या टोकाला मधल्या एका खोलगट भागावर स्की पॅट्रोलची देखरेख असते. बर्फ साचला, की ते लोक स्फोटकं लावून तो मुद्दाम आधीच पाडतात आणि मगच तो भाग उघडतात. त्या आखलेल्या भागाच्या डावी-उजवीकडे मात्र मोकळा डोंगर आहे. तिथे कुणी स्फोटकं लावत नाही, कुणी खुणेचे झेंडे रोवत नाही. तिथला बर्फ अस्पर्श असतो, आणि म्हणूनच जगभरचे लोक त्यासाठी गुलमर्गला येतात. तिकीट तेच, पाळणा तोच. वर उतरल्यावर डावीकडे वळायचं का सरळ, एवढाच प्रश्न.

मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. पूर्वी धोक्याच्या जागी जायला अंगात धोक्याइतकीच ताकद लागायची. आता तिकीट लागतं. म्हणून काय पाळणा बंद करावा? तसं मी म्हणणार नाही. गुलमर्ग, टंगमर्गच्या कितीतरी घरांची चूल त्या पाळण्यावर पेटते. अमेरिकेत मोन्टाना राज्यात ब्रिजर बोल नावाचं ठिकाण आहे. तिथे वरच्या काही अवघड भागांत अंगावर ट्रान्सीव्हर नसेल तर जाऊच देत नाहीत. अशी एखादी अट मला पटते. पण अट घालणं सोपं असतं, पोराच्या डोक्यात शिरवणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा मला बड्या तालाबावर घेऊन गेला. बोट क्लबच्या पायऱ्यांवर बसलो. पाण्यावर शिडाच्या नावा होत्या, गार वारा होता. मी माझा पाठ म्हणायला सुरुवात करणार, तोच तो म्हणाला, "मावशी, तुला एक दाखवतो. आईला सांगू नकोस."

मोबाइलवर चाळीस सेकंदांची चित्रफीत होती. आदल्या वर्षीची. कोर्स संपल्यानंतर हे तिघे मित्र आणखी दोन दिवस राहिले होते आणि एका स्थानिक मुलाला सोबत घेऊन त्या मोकळ्या भागात थोडंसं, "अगदी थोडंसं गं," जाऊन आले होते. चित्रात स्वच्छ ऊन. पुढचा मित्र पांढऱ्या उतारावरून आडवा निघालाय. मागून कुणीतरी काश्मिरी ढंगाच्या हिंदीत ओरडतंय, रुको, एक-एक करके. हे थांबत नाहीत. दुसराही मागोमाग निघतो. आणि मग एक आवाज येतो. धप्प. वरच्या खोलीत कुणी तांदळाचं पोतं टाकावं तसा. बर्फावर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक रेघ दोघांच्या वरच्या बाजूने पळत जाते आणि थांबते. पुढे काही होत नाही. चित्रफितीच्या शेवटी तिघे हसताहेत.

"काय होता तो आवाज?" त्याने विचारलं. इतका शहाणा मुलगा, पण वर्षभर हा प्रश्न त्याने कुणाला विचारला नव्हता. विचारला असता तर घरी कळलं असतं.

तेवढं मी गाडीत वाचलेलं होतं. आपल्याकडे चिरोटे करतात, मराठी घरात आणि कन्नड घरातही. पोळीवर पोळी रचायची, मधे तूप-पिठीचा साटा लावायचा. तळताना पदर सुटतात ते त्या साट्यामुळे. डोंगरावरचा बर्फही असाच पदरापदराने बसतो. प्रत्येक बर्फवृष्टी हा एक पदर. मधेच आठ दिवस कोरडी, कडक थंडी पडली, की वरच्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात. मग त्यावर नवा जड थर येतो, वारा तो दाबून घट्ट करतो. वरून पाहणाऱ्याला सगळं एकसंध, गुळगुळीत दिसतं. खालचा साटा दिसत नाही. माणूस त्यावर गेला, की त्याच्या भाराने तो साखरेचा थर बसतो. तो बसल्याचा आवाज म्हणजे ते धप्प, आणि वरचा थर तुटल्याची खूण म्हणजे ती रेघ. उतार पुरेसा उभा असेल, तर त्यापुढे वरचा सगळा पदर फरशीसारखा सरकत खाली येतो. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही, त्याहून सौम्य उतारावर सहसा सरकत नाही. म्हणजे स्कीइंगला जो उतार सर्वांत मजेचा, तोच बर्फालाही आवडतो. जे स्कीअर हिमस्खलनात सापडतात त्यांतल्या दहातल्या सुमारे नऊ जणांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं.

"म्हणजे आम्हीच," तो म्हणाला. मग बराच वेळ तालाबाकडे बघत बसला.

मी त्याला रागावले नाही. रागावायचा मला अधिकार नव्हता, आणि तो का नव्हता हेही तिथेच पायऱ्यांवर त्याला सांगितलं. काही वर्षांपूर्वी जुलैत मी पस्तीस मुलं घेऊन आमच्याकडच्या एका घाटात क्षेत्रभेटीला गेले होते. तीन दिवस पाऊस लागून होता. वेधशाळेचा इशारा वर्तमानपत्रात मी वाचलाही होता. पण बस ठरलेली, वर्गणी गोळा झालेली, प्राचार्यांची सही झालेली. घाटाच्या तोंडाशी ड्रायव्हरने गाडी थांबवली. रस्त्याकडेच्या दरडीतून येणारं पाणी गढूळ झालंय, मी पुढे नेणार नाही, म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला. भूगोलाची एम. ए. झालेली बाई सातवी शिकलेल्या ड्रायव्हरला सांगत होती, की काही होत नाही. तो कन्नडमध्ये एवढंच म्हणाला, गुड्ड कुसियतद. डोंगर खचतोय. आम्ही परत फिरलो. दुपारी त्याच वळणावर दरड आली. कुणाला लागलं नाही, कारण कुणी नव्हतंच. हे मी आजवर स्टाफरूममध्येसुद्धा सांगितलेलं नाही.

आपल्या भागात बर्फ नाही, पण 'कुसित' हा शब्द आपल्याला परका नाही. कन्नड वर्तमानपत्रं दरड कोसळली की गुड्ड कुसित म्हणतात आणि हिमकडा कोसळला की हिमकुसित. मला तो शब्द 'हिमस्खलन'पेक्षा खरा वाटतो. त्यात खालून आधार गेल्याची जाणीव आहे. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव असंच गेलं, दीडशेवर माणसं घेऊन. 16 जुलै 2024 ला अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर डोंगर आला. तिथे माती, तिकडे बर्फ. पण तीव्र उतार, वर वाढणारं वजन आणि आत कमजोर झालेला एक थर, हे गणित दोन्हीकडे जवळपास सारखंच.

घरी आलो तर अक्काने विषय काढलाच. ती हनुमंतप्पा म्हणाली. आपल्याकडे कुणाला ते नाव सांगावं लागत नाही. कुंदगोळ म्हटलं, की आमच्या घरी सवाई गंधर्व आठवायचे, ते तिथले. मराठी नाटकं गाजवणारा कन्नड मुलखातला गवई म्हणून वडील त्यांच्याविषयी अभिमानाने बोलत. फेब्रुवारी 2016 मध्ये ते नाव वेगळ्याच कारणाने घरोघरी गेलं. कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद सियाचीनवर 19,600 फुटांवरच्या चौकीत होते. 3 फेब्रुवारीला बर्फाची प्रचंड भिंत चौकीवर कोसळली. मद्रास रेजिमेंटच्या 19 व्या बटालियनचे दहा जण गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशीही होते. सहाव्या दिवशी सुमारे पंचवीस फूट बर्फाखाली हनुमंतप्पा जिवंत सापडले. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही आणि कुणी शिकलंही नाही. हुबळी-धारवाडकडे देवळांत आणि दर्ग्यांत प्रार्थना चालू होत्या. 11 फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले.

अक्काने ते नाव भीतीपोटी काढलं, आणि भाच्याने तेच उलटं फिरवलं. "आई, पण ते सहा दिवस जगले ना? पंचवीस फुटांखाली!"

हा गैरसमज तिथल्या तिथे खोडणं भाग होतं. हनुमंतप्पा जगले ते तंबूत होते म्हणून. भोवती थोडी हवेची पोकळी राहिली असावी. असा प्रसंग लाखात एक. उघड्या उतारावर गाडल्या गेलेल्या माणसाकडे मिनिटं असतात. आल्प्समधल्या अपघातांवरून आकडे काढलेले आहेत. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं, तर दहातले नऊ वाचतात. पस्तीस मिनिटं झाली, की तिघेच उरतात. बर्फ थांबला, की सिमेंटसारखा आवळतो. स्वतःचा हात तोंडापर्यंत नेता येत नाही. मदतीला खालून माणसं येईपर्यंत अर्धा तास सहज जातो. म्हणजे वाचवणारा एकच, जो वरच्या बाजूला उभा राहून पाहत होता तो मित्र. त्याच्याकडे ट्रान्सीव्हर हवा आणि गाडल्या गेलेल्याच्या अंगावरही हवा. ही बिस्किटाच्या पुड्याएवढी पेटी असते, ती सतत संदेश सोडत राहते आणि शोधायच्या वेळी बटण फिरवलं, की दुसऱ्याचा संदेश पकडते. मग टोचून बघायला लांब घडीची सळई आणि उपसायला फावडं. तिन्हीतलं एक नसलं, तर बाकीच्या दोहोंचा फारसा उपयोग नाही.

"तुम्हा तिघांकडे काय होतं?" असं माझ्या तोंडावर आलेलं. अक्का समोर होती. मी गिळलं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं आणि पान वाढायला उठला.

मग तो नेटाने बाजू मांडू लागला. आता इशारे मिळतात, तो म्हणाला. ते खरं आहे. संरक्षण संशोधन खात्याने मनालीला 1969 साली बर्फ आणि हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. 2020 मध्ये ती दुसऱ्या संस्थेबरोबर एक होऊन आता चंडीगडहून जिल्हावार इशारे देते. दावोसला स्विस लोक 1936 पासून बर्फाचे थर मोजताहेत. युरोपने 1993 पासून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि आता जगभर त्याच वापरतात. पण त्यातली एक गोष्ट मला विलक्षण वाटली. सगळ्यांत जास्त माणसं चौथ्या-पाचव्या पायरीला मरत नाहीत, तिसरीला मरतात. जवळजवळ निम्मी. चौथ्या पायरीला माणूस घाबरून घरी बसतो. तिसरीला ऊन पडलेलं असतं, आदल्या रात्रीचा ताजा बर्फ चमकत असतो, सुट्टीचे दोनच दिवस उरलेले असतात. माझ्या त्या घाटातल्या बससारखंच.

आणि हे काही नवशिक्यांचंच होतं असं नाही. 8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला लष्कराच्या उंच डोंगरी युद्धाच्या शाळेचे 17 जवान हिमस्खलनात गेले. ज्यांचं शिक्षणच बर्फाचं चाललेलं, ते. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवतच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले. वर्षभराने, 22 फेब्रुवारी 2024 ला, एक रशियन. सोबत स्थानिक वाटाडेही असतात, हे त्या बातम्यांत शेवटच्या ओळीत येतं.

एवढा वेळ अक्काच्या सासूबाई दिवाणावर गप्प बसून होत्या. वय ब्याऐंशी. डोळे कायम लाल, पाण्याने भरलेले. आम्हाला सवय आहे, म्हणून आता कुणी कारण विचारत नाही. त्यांनी नातवाला विचारलं, "तिथे वारा कुठून येतो, हे तुला कळतं का रे?"

त्याला वाटलं, आजी थंडीबद्दल विचारताहेत. "आजी, मी जाड जाकीट घेतलंय."

"जाकीट नव्हे. वारा."

1984 साली त्या स्टेशनच्या मागच्या वस्तीत राहायच्या. 2 डिसेंबरच्या रात्री कारखान्यातला वायू सुटला, तेव्हा नवरा रात्रपाळीला होता; घरात त्या, दोन मुलं आणि धाकटा दीर. मिरच्या जाळल्यासारखा ठसका लागला, म्हणून जागे झाले. कारखान्याचा भोंगा एरवीही वाजायचा, त्यामुळे भोंग्याचं कुणाला काही वाटत नसे. बाहेर सगळे पळत होते. "पळा म्हणाले, पळालो. कुठे पळायचं ते कुणी सांगितलं नाही." वारा शहराकडे वाहत होता आणि लोकही त्याच बाजूला पळत होते, ढगाच्या पोटात. शेजारच्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईने यांना ओढून आडव्या गल्लीत नेलं, पदर पाण्यात बुडवून मुलांच्या तोंडावर बांधायला लावलं. दीर तरुण, दांडगा. तो पुढे पळाला. सगळ्यांत जोरात पळाला, म्हणून सगळ्यांत जास्त श्वास घेतला. हमीदिया इस्पितळाच्या आवारात सकाळी सापडला.

"ओलं फडकं आणि वाऱ्याला आडवं जायचं. एवढंच होतं ते," आजी म्हणाल्या. "आधी कुणी सांगितलं असतं तर."

आधी कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही. 1981 च्या डिसेंबरात त्या कारखान्यातला एक कामगार विषारी वायूने दगावला होता, आणि 1982 मध्ये राजकुमार केसवानी नावाच्या भोपाळच्या तरुण पत्रकाराने 'रपट' या आपल्या लहानशा साप्ताहिकात लागोपाठ लिहून शहराला सावध केलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. केसवानी 2021 मध्ये गेले. साप्ताहिकात लिहिणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट आठवली, की जरा गप्प व्हायला होतं.

भाचा आजीच्या पायाशी जाऊन बसला. दिराची गोष्ट त्याने पूर्वी ऐकलेली असणार, पण वाऱ्याची नसावी. त्या दोघांत पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही. अक्का आणि मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का भांडी लावता लावता कन्नडमध्ये पुटपुटली, की तू काय समजावायला आलीस, अर्धा तास त्याला बर्फच शिकवत बसलीस. मी म्हटलं, तो जाणारच आहे गं. जाऊ नको म्हटलं, तर न सांगता जाईल. ती थबकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "न सांगता गेलाय का?"

मी खोटं बोलले. नाही म्हटलं.

निघायच्या दिवशी स्टेशनवर मी त्याला तीन गोष्टी कबूल करायला लावल्या. आधी चार-पाच दिवसांचा हिमस्खलन-सुरक्षेचा वर्ग करायचा आणि तिघांनीही करायचा. तिन्ही वस्तू भाड्याने घ्यायच्या आणि बर्फात पुरून, शोधून सराव करायचा, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. उभ्या उतारावर एका वेळी एकच, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर डोळा ठेवणार. ते काश्मिरी पोरगं ओरडत होतं तेच. तो हो म्हणाला. चौथी गोष्ट म्हणजे आईला ती चित्रफीत दाखवायची. "परत आल्यावर," तो म्हणाला. गाडी सुटायला लागली, म्हणून मी हुज्जत घातली नाही.

फेब्रुवारीत त्याचा गुलमर्गहून फोन आला. दोन दिवस वारा आणि बर्फ, पाळण्याचा दुसरा टप्पा बंद. तिघे खाली बसून नून चहा पिताहेत, तो खारट असतो, आणि मला आवडणार नाही, असं सांगत होता. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, टप्पा उघडला आणि फलकावर धोक्याची पायरी होती तिसरी. "मग?" मी विचारलं. एक मित्र बाहेर जाऊ म्हणत होता. दोघे नको म्हणाले. तिघेही आखलेल्या भागातच राहिले आणि तो मित्र दिवसभर तोंड पाडून होता. चौथ्या-पाचव्या दिवशी वाटाड्याबरोबर बाहेरच्या एका सौम्य उतारावर जाऊन आले. वाटाड्याने आधी खड्डा खणून थर दाखवले. "मावशी, चिरोटेच!" तो ओरडला. वारा कुठून होता, असं मी विचारलं. पश्चिमेकडून, म्हणजे पूर्वेकडच्या उतारावर बर्फ साचला होता, म्हणून तिकडे गेलो नाही, असं त्याने धडाधड सांगितलं. तेच त्याने आजीलाही फोन करून सांगितलं म्हणे. आजींनी विचारलं, जेवलास का.

तो परत आला त्याला आता महिना झाला. चित्रफीत अक्काने अजून पाहिलेली नाही. मी दोनदा आठवण केली. आज दाखवतो, उद्या दाखवतो, असं चाललंय. हा अंक टपालाने भोपाळला पोचायला चार-पाच दिवस लागतात, आणि अक्का पहिलं हेच पान उघडते. भाचेबुवांना मी तसं कळवलं आहे.